बोलोन्याचीसुद्धा बरी असतात म्हणे

ओरियानो व्हेंतुरोलीच्या घशात नाताळपासून एक शब्द अडकला होता. शब्द साधाच, ‘सुद्धा’. पण मार्च उजाडला तरी तो गिळता येईना की थुंकता येईना.

झालं होतं असं, की नाताळात ओरियानो आपल्या एकुलत्या एक मुलीला, नोएमीला घेऊन मोदेनाला होणाऱ्या व्याह्यांकडे जेवायला गेला. व्याही म्हणजे एर्मेस मालागोली, व्हिनेगरवाला. घराच्या माळ्यावर लाकडी पिंपांत पंचवीस-पंचवीस वर्षं मुरवलेलं काळंकुट्ट व्हिनेगर हाच त्याचा धंदा आणि हाच त्याचा देव. जेवण झालं, ढेकर दिला गेला, आणि पोटावरून हात फिरवत एर्मेस सहज म्हणाला, “बोलोन्याची तोर्तेलिनीसुद्धा बरी असतात म्हणे.”

सुद्धा! आणि वर म्हणे! अरे बाबा, बोलोन्याच्या माणसाच्या बापाला नावं ठेव, तो एक वेळ ऐकून घेईल. पण करंगळीच्या पेराएवढी ती सारण भरून मुरड घातलेली तोर्तेलिनी, ती गरम सुपात तरंगणारी त्याची अब्रू, तिला ‘सुद्धा’ लावलंस की संबंध संपला. मोदेना लांब तरी किती? आगगाडीने पंचवीस मिनिटं. पण त्या पंचवीस मिनिटांत सातशे वर्षांचं भांडण बसलेलं आहे. लढाईत मोदेनावाल्यांनी आमची एक लाकडी बादली पळवली, ती अजून त्यांच्याकडेच आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला निर्लज्जपणे दाखवतात. ओरियानोने त्या दिवशी तोंड बंद ठेवलं, ते फक्त मुलीकडे बघून.

कारण खरं दुखणं ‘सुद्धा’ नव्हतंच. जूनमध्ये नोएमीचं आणि मालागोलींच्या लोरिसचं लग्न होतं, आणि लग्नानंतर राहायचं कुठे ते ठरत नव्हतं. मोदेनात मालागोलींच्या घराचा अख्खा वरचा मजला रिकामा. इकडे बोलोन्यात ओरियानोच्या घरापासून दोन गल्ल्यांवर भाड्याची एक जागा. नोएमी म्हणाली, “बाबा, शनिवारी लोरिसच्या आईबाबांना बोलोन्या दाखवू या. मस्त फिरू, तुमच्या हातचं जेवू. संध्याकाळपर्यंत आम्ही ठरवून टाकतो.”

झालं! ओरियानोने ती परीक्षाच धरली. शहर असं दाखवायचं आणि ताट असं वाढायचं, की मालागोलींनीच म्हणावं, छे छे, या पोरीला इथून हलवणं पाप आहे.

अडचण एकच होती. तोर्तेलिनी करायची आर्जा, ओरियानोची बायको, आणि तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याला पिठाला हात लावू दिला नव्हता. “तुझी बोटं जाडी. तू बस आणि चव सांग,” असा तिचा खाक्या. दुकानातून आणायला शरम वाटली, म्हणून शुक्रवारी ओरियानो स्वतःच बाह्या सरसावून उभा राहिला. अंडी घालून पीठ मळलं, मोठी पातळ पोळी लाटली, चौकोन कापले, आणि मुरड घालायला बसणार तोच नोएमीचा फोन आला. उद्या आधी काय बघायचं, नंतर काय बघायचं, टोपी घाला, एर्मेसकाकांशी वाद घालू नका. अर्धा तास गेला. चौकोन टेबलावर उघड्या खिडकीपाशी पडून होते. मग त्याने चारशे तोर्तेलिनी वळली. बोटं जाडी असूनही बऱ्यापैकी दिसत होती. तो स्वतःवर इतका खूष झाला की शेजारणीला बोलावून दाखवून आला.

शनिवारी सकाळी स्टेशनवर जाताना तो नेहमीप्रमाणे चौकातल्या जुन्या महालाखाली थांबला. तिथे एक घुमटाकार छत आहे, चार कोपऱ्यांना चार जाड खांब. एका कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून पुटपुटलं की तिरक्या समोरच्या कोपऱ्यात लख्ख ऐकू येतं, मधे शंभर माणसं कलकलाट करत असली तरी. पूर्वी महारोगी लोक इथून पाद्र्याला पापं सांगत म्हणतात. एकोणऐंशी साली ओरियानोने याच कोपऱ्यातून आर्जाला लग्नाचं विचारलं होतं. समोरासमोर विचारायची छाती नव्हती. पलीकडून उत्तर आलं होतं, “मोठ्याने बोल, काही ऐकू येत नाही.” तिला पहिल्याच वेळी स्वच्छ ऐकू आलं होतं, हे तिने लग्नानंतर कबूल केलं.

आर्जा गेल्यापासून तो रोज इथे थांबून तिच्याशी चार शब्द बोले. आज लाइटबिल भरलं. आज गुडघा दुखतोय. सहा वर्षं बोलत होता, आणि या सहा वर्षांत त्या भिंतीला दुसरं टोक आहे हे तो साफ विसरून गेला होता. आज घाईत होता. “आर्जा, चारशे वळली. एकसुद्धा वाकडं नाही. बघच आता,” एवढं सांगून तो पळाला.

गाडीतून एर्मेस उतरला तो हात पसरूनच. “काय व्याहीबुवा! बादली विसरलो बघा घरी!”

“विसरणारच,” ओरियानो म्हणाला. “सातशे वर्षं विसरताय. आधी बादली नेलीत, आता मुलगी न्यायला आलात.”

“बाबा!” आधीच येऊन थांबलेली नोएमी कुजबुजली. एर्मेस मात्र खो-खो हसला. त्याच्यामागे त्याची बायको इरिदे, ठेंगणी, अबोल, पर्स पोटाशी धरून. नवरा एवढा बोलायचा की तिने बोलायचं कामच ठेवलं नव्हतं. लोरिस बिचारा सगळ्यांच्या पिशव्या घेऊन मागे उभा होता.

पहिला मुक्काम चित्रसंग्रहालय. ओरियानोने तिथे एकतीस वर्षं खुर्चीवर बसून पहारा केला होता. स्वतः एक पुस्तक वाचलं नाही, पण मार्गदर्शकांची बडबड ऐकून ऐकून प्रत्येक भिंत पाठ. शहराचा पालक संत पेत्रोनियो अख्खं बोलोन्या तळहातावर घेऊन उभा आहे, त्या चित्रापुढे त्याने आवाज चढवला. “बघा, हे बुरूज, ही तटबंदी. सगळं शहर कसं जपून धरलंय!”

एर्मेस चष्मा वर करून चित्राला नाक लावायला गेला. “आणि यात मोदेना कुठे?”

“चौकटीच्या बाहेर,” ओरियानो म्हणाला. “डाव्या हाताला.”

तिथला तरुण पहारेकरी तोंडावर हात धरून हसला. एक गुण आपल्याला, असं ओरियानोने मनात लिहून ठेवलं.

मग बाजारगल्लीतल्या देवळात गेले. तिथे भाजलेल्या मातीचा येशू निजलेला आहे, आणि भोवती त्याची माणसं. त्यातल्या दोन बायका अशा किंचाळत धावत येतायत, की पाचशे वर्षं झाली तरी आपणच कान झाकून घ्यावेत. ओरियानोने टोपी काढून बाकावर ठेवली. इथे आल्यावर त्याची बडबड नेहमी बंद पडे. आर्जा गेली त्या दिवशी तो इस्पितळात शिष्टासारखा गप्प उभा राहिला होता, डॉक्टरांचे आभार मानले होते, आणि या बायका बघितल्या की त्याला वाटे, अरे, असं ओरडायला हवं होतं.

एर्मेस बराच वेळ बघत राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, “आमच्या मोदेनातसुद्धा असं एक आहे. पण आमच्या बायका जरा कमी ओरडतात.”

“त्यांना सवय झाली असेल,” ओरियानो म्हणाला.

इरिदे मात्र पुढे झाली, आणि त्या दिवसातलं तिचं पहिलं वाक्य बोलली. “हिचं कोण गेलं, ते तोंड बघूनच कळतं हो.” एवढं बोलून तिने मूर्तीवरून नजर काढली आणि ओरियानोकडे पाहिलं. तो भराभर बाहेर चालू लागला. टोपी बाकावरच राहिली.

दुपारी एक वाजता घरी टेबल मांडलेलं. आर्जाचा ठेवणीतला टेबलक्लॉथ, कोंबड्याचं सूप सकाळपासून मंद आचेवर. वासानेच एर्मेसचं बोलणं थांबलं, ही काही लहान गोष्ट नव्हे. ओरियानोने चारशेच्या चारशे तोर्तेलिनी उकळत्या सुपात सोडली आणि झाकण ठेवलं.

पाच मिनिटांनी झाकण काढलं तर आत सत्यानाश! एकही मुरड जागेवर नव्हती. पारी एकीकडे, सारण दुसरीकडे, आणि मधे सूप निर्लज्जासारखं उकळतंय. ओरियानोने डाव घालून तळातून एखादं तरी धड निघतं का बघितलं. निघालं नाही. बाहेरून एर्मेस ओरडला, “व्याहीबुवा, भूक मेली की हो आमची!”

आता काय करणार? पळून जावं तर घर स्वतःचं. ओरियानोने कपाळावरचा घाम पुसला, सुपाचं भांडं उचललं, आणि राजासारखा बाहेर आला.

“ही आमची जुनी पद्धत,” तो वाढता वाढता म्हणाला. “उघडी तोर्तेलिनी. हल्ली कुणी करत नाही.”

“उघडी?” एर्मेसने वाडग्यात वाकून बघितलं.

“उघडी.”

“ती का बरं?”

“आत काय घातलंय ते पाहुण्याला स्वच्छ दिसावं म्हणून. आमच्याकडे लपवाछपवी नसते.”

नोएमीला जोराचा खोकला आला. लोरिसने तिच्या पाठीवर थापट्या मारल्या, पण खांदे त्याचेही हलत होते. एर्मेसने “असं असं” म्हणत कोटाच्या खिशातून छोटी बाटली काढली आणि बूच उघडलं.

“अहो! अहो!” ओरियानोने झडप घालून त्याचं मनगट धरलं. “सुपात व्हिनेगर? माझ्या घरात?”

“एकच थेंब हो! पंचवीस वर्षांचं आहे!”

“शंभरचं असू दे! आधी मला खिडकीतून खाली टाका, मग घाला!”

बाटली खिशात गेली. एर्मेसने दोन वाडगे संपवले, तोंड पुसलं, आणि म्हणाला, “जायफळ बरोबर पडलंय.” बाकीच्याबद्दल तो काही बोलला नाही, आणि नेमकं तेच ओरियानोला झोंबलं. इरिदेने सुटलेली एक पारी चमच्यावर घेतली, तिची कड डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितली, आणि मुकाट्याने खाल्ली.

जेवण झाल्यावर सगळे चौकाकडे निघाले. महालाखालची ‘बोलकी भिंत’ राहिली होती, इरिदेला ती बघायची होती. देवळाची गल्ली आली तसा ओरियानो म्हणाला, “माझी टोपी राहिलीय. तुम्ही व्हा पुढे, मी येतोच.” खरं तर त्याला कुणाचं तोंड बघायचं नव्हतं. टोपी घेतली, पण डोक्यावर घालायचंही सुचलं नाही.

इकडे चौकात काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं. नोएमीने इरिदेला एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. “इथेच थांबा हं काकू, काका समोरच्या कोपऱ्यातून बोलतील.” पण काकांना वाटेत आइस्क्रीमचं दुकान दिसलं. स्ट्रॉबेरी आइस्क्रीमवर आपलं व्हिनेगर कसं लागतं हे दुकानदाराला पटवून दिल्याशिवाय त्यांना पुढे जाववेना. लोरिस आणि नोएमी त्यांना ओढून आणायला गेले, आणि इरिदे आपली शहाण्या मुलीसारखी कान लावून उभीच राहिली.

ओरियानो छताखाली शिरला तेव्हा मधे परदेशी पाहुण्यांचा मोठा घोळका छत्रीवाल्या मार्गदर्शक बाईचं ऐकत होता. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. सवयीने सरळ आपल्या कोपऱ्यात गेला आणि भिंतीला कपाळ टेकलं.

“आर्जा, सगळी फुटली गं. चारशेच्या चारशे. आणि वर मी थाप मारली, म्हटलं, जुनी पद्धत. एर्मेस म्हणे जायफळ बरोबर पडलंय. जायफळ! तू असतीस तर लाटणं घेऊन मागे लागली असतीस. माझ्या नाही, त्याच्या.”

त्याने तोंड भिंतीच्या आणखी जवळ नेलं.

“ऐक. पोरीला मोदेनाला जायचंय. तोंडाने बोलत नाही, पण त्या वरच्या मजल्याविषयी सांगताना तिचा चेहरा बघितला मी. माझ्यासाठी ती इथे राहील, आणि मला ते नकोय. मीच सांगणार आहे तिला, जा म्हणून. पण आर्जा, रविवारी काय करू? एकट्या माणसासाठी सूप होत नाही गं. पातेलंच मोठं आहे आपलं. अर्धं टाकून द्यावं लागतं. मला भीती वाटते रविवारची. हे कुणाला सांगू नकोस.”

भिंत गप्प होती. नेहमीच असे. तो वळणार, तेवढ्यात भिंतीतून बाईचा आवाज आला.

“पीठ सुकलं होतं.”

ओरियानोच्या हातातली टोपी खाली पडली.

“पोळी उघडी राहिली की कड चिकटत नाही,” भिंत पुढे म्हणाली. “वर ओलं फडकं घालायचं असतं. नीट पिळलेलं.”

“आ… आर्जा?”

“नाही हो,” भिंत अवघडून म्हणाली. “मी इरिदे.”

भिंतींना कान असतात हे ओरियानोने लहानपणापासून ऐकलं होतं. पण पाककृती सांगणारी भिंत त्याने पहिल्यांदाच बघितली. त्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता ही फरशी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. भिंतीला कपाळ टेकून तो तसाच उभा राहिला.

“सगळं ऐकलंत?” त्याने विचारलं.

“पुढे ऐकू नये असं वाटत होतं. पण कान काढवेना.” मग इरिदे म्हणाली, “सूप एकट्यासाठी होत नाही, ते मात्र खरं. माझी आई तेच म्हणायची. आम्ही रविवारी साडेबाराला बसतो. तुम्ही दहालाच येत जा.”

“दहाला कशाला?”

“मुरड घालायला कुणीतरी हवं. एर्मेसला मी पिठाजवळ येऊ देत नाही, त्याच्या हातांना व्हिनेगरचा वास येतो.”

“माझी बोटं जाडी आहेत,” ओरियानो भिंतीला म्हणाला.

“बघितली मी. चालतील.”

ओरियानोने वाकून टोपी उचलली. बराच वेळ ती झटकत राहिला. मग पुन्हा तोंड भिंतीजवळ नेलं. “विहीणबाई, त्या थापेचं एर्मेसला…”

“कसली थाप?” भिंत म्हणाली. “उघडी तोर्तेलिनी, तुमची जुनी पद्धत. जायफळ बरोबर पडलं होतं.”

तेवढ्यात आइस्क्रीमवाली पलटण आली. एर्मेसच्या मिशीला गुलाबी फेस, बाटली अर्धी रिकामी. “दुकानदार खलास!” तो दुरूनच ओरडला. “पत्ता मागितलाय माझा! बोल गं इरिदे, भिंत काय म्हणाली?”

“काही नाही,” इरिदे म्हणाली. “तू कुठे बोललास?”

नोएमीने लोरिसकडे पाहिलं, मग बापाकडे. पुढे येऊन तिने त्याच्या कोटाचं बटण सारखं केलं. काही अवघड बोलायचं असलं की लहानपणापासून ती तेच करायची. “बाबा, आम्ही ठरवलंय. इथेच राहतो. ती दोन गल्ल्यांवरची जागा घेतो.”

“ती?” ओरियानो उसळला. “ते ओल आलेलं खुराडं? कोण राहील त्यात? एवढा मजला मोकळा पडलाय तिकडे, आणि ही निघाली भाडं भरायला! काही नाही, मोदेनाला जायचं. पंचवीस मिनिटांवर तर आहे, मला काय पाय नाहीत?”

“पण बाबा, तुम्ही एकटे…”

“मी कुठला एकटा? मला रविवारी काम लागलंय.”

“कसलं काम?”

इरिदेने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आणि दिवसभरात पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. “रविवारी साडेबाराला जेवायला बसायचं. नोएमी, लोरिस, आम्ही दोघं, आणि ओरियानोसुद्धा. कुणी उशीर करायचा नाही.”

एर्मेस गोंधळून एकेकाकडे बघू लागला. “हे कधी ठरलं? मला कुणी काही सांगत का नाही?” त्याला कुणीच काही सांगितलं नाही. नोएमीने बापाच्या गळ्यात हात टाकले आणि तिथेच रडायला लागली, आणि छत्रीवाल्या बाईच्या घोळक्यातल्या चौघांनी त्यांचा फोटो काढला.

सहाच्या गाडीला ओरियानोने सगळ्यांना बसवून दिलं. नोएमीही गेली, वरच्या मजल्याची मापं घ्यायला. गाडी हलली तसा एर्मेस खिडकीतून ओरडला, “बादली मात्र मिळणार नाही हं!”

“ठेवा ठेवा!” ओरियानो ओरडला. “पीठ मळायला उपयोगी पडेल!”

परत येताना तो महालाखाली थांबला. या खेपेला आधी समोरच्या कोपऱ्यात जाऊन, खांबामागे डोकावून, कुणी नाही ना ते नीट बघून आला. मग आपल्या कोपऱ्यात उभा राहिला, टोपी काढली आणि भिंतीला तोंड लावलं.

“आर्जा, उद्या मी इथे नाही. दहालाच मोदेनाला पोचायचंय, मुरड शिकायला. रागावू नकोस.” त्याने घसा साफ केला. “त्यांचीसुद्धा बरी असतात म्हणे.”